बायोची शिटी

दामू,

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि तुला तर मुळीच नाही. बायोची शिटी मी काढली. माझ्या हातानं, माझ्या पान्यानं. ज्या शिटीपायी तुझ्या वडिलांना गावानं चोर ठरवलं आणि जिच्यामागे तू अर्धं आयुष्य फिरलास, ती आत्ता माझ्या घरी माळ्यावर आहे. जुन्या टॉवेलात गुंडाळलेली.

लिहिलं एकदाचं.

तुझ्या शोकसभेत मला चार शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी घसा बसलाय म्हणालो. सगळ्यांना ते खरं वाटलं, कारण फिटर तसाही कुठे बोलतो? तू नाही का म्हणायचास, "फिटर, तुझ्या तोंडात कुणी बोल्ट मारून ठेवलाय रं?" मग सभा घेणाऱ्या मंडळींनी दुसरं काम दिलं. बायोच्या इतिहासाची तू अर्धवट ठेवलेली पुस्तिका ते छापणार आहेत. बायोपाशीच, छोट्या कार्यक्रमात ती वाटायची आहे. तिच्या सुरुवातीला तुझ्याविषयी दोन-चार पानं मी लिहावीत, जन्म, शिक्षण, स्वभाव वगैरे. जन्म आणि शिक्षण दुसरा कुणीतरी लिहील. मला जे एकट्यालाच ठाऊक आहे ते मी लिहितो.

ज्यांनी बायोला पाहिलं नसेल त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. बोईसरच्या बागेत घसरगुंडीच्या मागे, सिमेंटच्या चौथऱ्यावर जे छोटं काळं वाफेचं इंजिन उभं आहे, ती बायो. अडीच फुटी रुळांवर धावायची. दोन्ही कुशींना पाण्याच्या टाक्या, मधे उंच धुराडं, आणि मागे ड्रायव्हरपुरती कॅब. तिच्याशेजारी उभं राहिलं की मोठ्या इंजिनासारखी धास्ती वाटत नाही, गोठ्यातल्या गाईशेजारी उभं राहिल्यासारखं वाटतं. हे तुझंच वाक्य. मी म्हणायचो, इंजिन ते असतं, ती नसते. त्यावर तू एकदा तुझ्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर मला विचारलंस, "तुझी मुलगी शाळेत 'ते मूल' म्हणून जाते काय?" हा वाद आपला कधी मिटला नाही. वरच्याच ओळींत बघ, मी "ती" असंच लिहून गेलोय. घे, जिंकलास.

तू बायोचा इतिहास सांगायला लागलास की ती विलायतेत कुठे घडली, किती अश्वशक्तीची होती, यानं कधी सुरुवात करायचा नाहीस. तुझा इतिहास चिखलापासून सुरू व्हायचा. मुंबईच्या बंदरातून तिचे सुटे भाग मचव्यातून खाडीच्या धक्क्याला आणले. बाकी सगळं नीट उतरलं, पण बॉयलर उतरवताना दोर निसटला आणि तो ओहोटीच्या चिखलात रुतून बसला. दगडखाणीच्या साहेबांनी मजूर लावले, बैल लावले, काही हललं नाही. मग कुणीतरी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना बोलावलं. त्यांनी चिखलात लाकडी ओंडके टाकले, उधाणाची वाट पाहिली, आणि पाणी चढल्यावर होडी वर ओढतात तशी आरोळी देत बॉयलर बाहेर काढला. "म्हणजे बग," तू म्हणायचास, "बायोचे पयले रूळ आमच्या ओंडक्यांचे. लोखंडाचे मागाहून आले." हे खरं कशावरून, असं मी विचारलं की तू सांगायचास की तुझ्या आजोबांच्या अंगठ्यावर त्या दोराचा वण होता. मी मान डोलवायचो. इतिहास असा असतो का, असं मनात यायचं. आता वाटतं, असाच असतो.

खाणीतून धक्क्यापर्यंत ती दगड आणायची आणि परत जाताना डबे रिकामे असायचे. त्या रिकाम्या डब्यांतून मासळीच्या पाट्या घेऊन बायका आतल्या पाड्यांवर जायच्या. सुकट, वाकटी, बोंबील. साहेबाची परवानगी नव्हती, पण तुझे वडील, नथूदादा, ड्रायव्हर होते आणि तुझी आई त्या बायकांत होती. वळणावर येताना नथूदादा शिटी द्यायचे आणि तुमच्या पाम गावातल्या बायका पाट्या डोक्यावर घेऊन निघायच्या. घड्याळ कुणाकडे होतं? तुझी आई सांगते की तिनं लग्नाआधी नवऱ्याचा आवाज ऐकला नव्हता, शिटी ऐकली होती. आणि तिला तीच आवडली होती.

पाऊस लागला की लाइन बंद. बायो शेडमध्ये उभी राहायची आणि नथूदादा होडीला लावतात तसं मुशीच्या माशाचं तेल तिच्या अंगाला चोळायचे. खाऱ्या वाऱ्यानं लोखंड खाल्लं जाऊ नये म्हणून. वास असा की साहेबाच्या बायकोनं शेडवरून जायचं सोडलं. मग ट्रक आले, रूळ उखडले गेले, खाण थकली. नथूदादांना शेडचा राखणदार करून ठेवलं. इंजिन बंद पडून वर्षं लोटली तरी ते तेल चोळत राहिले. खाणमालकाच्या वारसांनी पुढे ती बागेसाठी देऊन टाकली तेव्हा तिचा एकही भाग सडलेला नव्हता. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. कारण साफसफाई आणि रंगासाठी ती बोईसरच्या ज्या वर्कशॉपमध्ये आणली, तिथे मी फिटर होतो.

हे तुला मी कधी सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हा मी दुसऱ्याच वर्कशॉपचं नाव सांगितलं होतं.

मी तेव्हा कराडकडून नुकताच आलेला, आयटीआय झालेला, कायम न झालेला पोरगा होतो. बायोला घासायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मला त्या वासाचा अर्थच लागेना. लोखंडाला मासळीचा वास कसा? घासता घासता हात बुळबुळीत झाले आणि खालून काळं, नितळ अंग उघडं पडलं. मी तोवर पुष्कळ गंजलेली यंत्रं उघडली होती. इतकं जपलेलं यंत्र पाहिलं नव्हतं. ज्यानं हे राखलंय त्याला एकदा भेटायला हवं, असं मला मनापासून वाटलं होतं. भेटलो तो पुढे सांगतो तसा.

त्याच आठवड्यात आमच्या वर्कशॉपचं मोठं गिऱ्हाईक असलेल्या एका रंगाच्या कारखान्याचा भोंगा फुटला. पाळी सुटायची वेळ कळेना म्हणून तिथे बोंब झाली. नवा मागवायला वेळ लागणार होता. फोरमन माझ्याकडे आला, त्यानं बायोकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "शाम की पाली से पहले बजना चाहिए. इसको कौन बजाने वाला है अब?" मी वर चढलो, पितळी शिटी काढली, त्या भोकात बोल्ट मारला, वरून काळा रंग दिला. संध्याकाळी ती कारखान्याच्या बॉयलरवर वाजली. फोरमननं पाठीवर थाप मारली. महिन्याभरात मी कायम झालो. दामू, मला त्या दिवशी चोरी केल्यासारखं अजिबात वाटलं नव्हतं. काम जमल्यासारखं वाटलं होतं.

मग बागेतला समारंभ. तू तेव्हा मुंबईला नोकरीत होतास, म्हणून तू तो पाहिला नाहीस. पण तुझ्या वडिलांकडून ऐकून तू मला इतक्यांदा सांगितलास की हळूहळू तो तुझाच झाला. आता माझ्याकडून ऐक. नथूदादांना शाल-नारळ द्यायला बोलावलं होतं. पांढरा सदरा, डोक्याला टोपी. ते मंडपात बसलेच नाहीत, थेट बायोकडे गेले. चाकावरून हात फिरवला, कॅबमध्ये चढले, आणि त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला. साखळी असायची तिथे. हात तसाच हवेत राहिला. ते खाली उतरले आणि शांतपणे म्हणाले, "हिची शिटी कुठं हाय?"

मालकांच्या बाजूचे एक गृहस्थ हसत म्हणाले, "दादा, इतकी वर्षं तुमच्या ताब्यात होती. आम्ही तुम्हालाच विचारायचं ना?"

लोक हसले. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट होतं असंही मला वाटत नाही. पण ते हसणं संपलं तेव्हा त्याचा आरोप झाला होता. नथूदादा म्हणाले, "माझ्या शेडातून निघाली तवा होती." मग त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं. फोरमन आपले बूट बघत होता. मी चिंध्यांचा बोळा हातात धरून उभा होतो. मला एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते माझ्या तोंडात तयार होतं. मी ते गिळलं. नथूदादा शाल खुर्चीवर ठेवून निघून गेले.

पुढचं तुला माहीत आहे. नेमकं त्याच मोसमात तुझ्या काकांच्या होडीला नवा कर्णा बसला होता. गावानं दोन आणि दोन जोडले. नथूनं शिटी भावाला दिली म्हणे. कर्णा आणि वाफेची शिटी यांत काय फरक असतो ते होडीवर चढून कुणी पाहिलं नाही. तुमचं घर "शिटीवाल्यांचं" झालं. नथूदादा बोईसरला यायचे तेव्हा बागेच्या आधीच रिक्षातून उतरायचे आणि मागच्या गल्लीनं जायचे. मी त्यांना तसं जाताना दोनदा-तीनदा पाहिलंय. एकदा तर आम्ही समोरासमोर आलो. त्यांनी मला ओळखलं नाही, की ओळखलं, मला कळलं नाही. मी चप्पल झटकायला खाली वाकलो होतो.

तू मुंबईची नोकरी सोडून पालघरला दुकान टाकलंस. पाटी रंगवणाऱ्यानं नाव विचारलं तर तू सांगितलंस, शिटी झेरॉक्स. त्याला वाटलं, सिटी म्हणायचंय. त्यानं सिटी लिहिलं. तू त्याला परत शिडीवर चढवलंस. तेव्हापासून किती लोकांनी तुला दुरुस्त केलं असेल! "अहो, सिटी पाहिजे, स चा श झालाय." तू म्हणायचास, "नाय, शिटीच." मी रेशनकार्डाच्या नकला काढायला पहिल्यांदा आलो तेव्हा मीही तेच म्हणालो होतो. तू झेरॉक्सचं झाकण उघडं ठेवूनच मला अख्खी गोष्ट सांगितलीस. लोक जे नाव पाठीमागे घेत होते ते तू दारावर टांगलं होतंस. म्हणालास, "आता घ्या की तोंडावर." मी नकला घेऊन बाहेर पडलो आणि समोरच्या झाडाखाली बराच वेळ उभा राहिलो. पुन्हा कधी त्या दुकानात यायचं नाही असं ठरवलं. पुढच्याच आठवड्यात आलो.

का आलो, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आधी वाटलं, जवळ राहिलं तर कधीतरी सांगता येईल. मग तू आवडायला लागलास. आणि आवडायला लागलास तसं सांगणं आणखी अवघड झालं, कारण आता हरवण्यासारखं काहीतरी माझ्याकडे होतं.

पालघर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, दुकानासमोर रांगा लागल्या. तू लोकांचे अर्ज भरून द्यायचास आणि प्रत्येक म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला विचारायचास, खाणीची गाडी आठवते काय? आठवत असेल तर, "शिटी कशी वाजायची? तोंडानं करून दाखवा." दामू, असा इतिहास कुणी लिहिलेला मी ऐकला नाही. रविवारी मला मोटारसायकलवर मागे बसवून तू पाड्यापाड्यांवर न्यायचास. एकानं कवळी काढून हातात धरली आणि फुंकर मारली. एक पूर्वीचा खाणकामगार आवाज काढता काढता रडायलाच लागला. केळव्याला लेकीच्या सासरी राहणाऱ्या त्या म्हातारीनं तर तोंडाला हात लावून असा आवाज दिला की अंगणातलं कुत्रं पळालं आणि आतून लेक ओरडली, "आये, काय होतंय गो तुला?" म्हातारी म्हणाली, "मना काय व्हतंय? गाडी आली." परत येताना तू सुपारीच्या वाडीजवळ गाडी थांबवून इतका हसलास की ती तुझ्या हातून पडलीच असती.

एवढे सगळे आवाज तू फोनमध्ये जमा केलेस, आणि त्यातून एक गोष्ट शोधलीस. प्रत्येकाचा आवाज वेगळा, पण शेवटी सगळे अडखळायचे. आवाज संपता संपता एक बारीक उचकी. तू म्हणालास, ही बापाच्या हाताची खूण. साखळी सोडताना ते क्षणभर परत धरायचे. मी म्हणालो, शिटीच्या ओठाला चेप आला असेल, त्यानं पण होतं असं. तू म्हणालास, "तू पायली का काय?" मी म्हणालो, फिटर आहे, अंदाज सांगतो. हात की पितळ, हा आपला दुसरा न मिटलेला वाद. चेप होता, दामू. त्या शिटीच्या ओठाला नखाएवढा चेप आहे. कदाचित धक्क्यावरच्या त्या चिखलातलाच असेल.

आणि मग चहाच्या टपरीवरचा तो दुपारचा प्रसंग. तू मला भेटायला एमआयडीसीत आला होतास. चहावाल्यानं ग्लास ठेवले आणि त्याच रंगाच्या कारखान्यात पाळीचा भोंगा झाला. तुझा हात थांबला. भोंगा पूर्ण थांबेपर्यंत तू हललाच नाहीस.

"फिटर, आयकलंस? सुरुवात नाय, शेवट. शेवट बायोचा हाय."

मी म्हणालो, "तो भोंगा आहे, दामू. शिटी वेगळी, भोंगा वेगळा."

तू ग्लास उचललास. मग हसलास. "खरं हाय. बाप आठवला की मला कुकरमधून पण बायो आयकू येते."

एका शब्दानं मला वाचवलं. तीच पितळी वस्तू इंजिनावर असली की शिटी आणि कारखान्यावर गेली की भोंगा. तू सगळ्या तालुक्यात शिटी विचारत फिरलास, तुला भोंगा विचारायचं कसं सुचणार? मी खोटंसुद्धा बोललो नव्हतो, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो. त्या दिवसाइतका मी दुसऱ्या कुठल्याच दिवशी खोटा नव्हतो.

तुझ्या चिकाटीचं मला कायम आश्चर्य वाटत आलं. बागेतल्या पाटीवर "शिट्टी चोरीस गेली" असं लिहिलेलं होतं. तू अर्जावर अर्ज केलेस. चोरी कुणी पाहिली? तक्रार कुठे आहे? शेवटी कंटाळून त्यांनी "शिट्टी गहाळ" असं रंगवलं. एक शब्द बदलला म्हणून तू आम्हा सगळ्यांना बर्फी वाटलीस. मी बर्फी खाल्ली. नथूदादा त्याआधीच गेले होते. जाताना त्यांनी शिटीचं नावही काढलं नाही, असं तू सांगितलंस. त्यांनी विचारलं होतं, पाऊस लागला, बायोवर काय झाकलं काय?

पुढे त्या कारखान्यात नवा बॉयलर आला, विजेवरचा भोंगा आला आणि जुना माल भंगारात निघाला. मी तिथे देखभालीला जात होतो. शिटी पिशवीत घालून घरी आणली. आणताना ठरवलं होतं की आता थेट दामूकडे. पिशवी दारात ठेवली आणि पाणी प्यायलो. तेवढ्यात माझा निश्चय गेला. घरी आणण्याआधी मात्र एकदा, बॉयलर थंड करण्याच्या अगदी शेवटच्या वाफेवर, मी स्वतः ती वाजवून पाहिली होती. झडप हळू सोडली, सोडता सोडता क्षणभर धरली. उचकी लांबली, दामू. चेप होताच, पण हातसुद्धा होता. तू अर्धा बरोबर होतास. हे तुला सांगायची मला इतकी घाई झाली होती की मी फोन हातात घेतला. मग काय सांगणार, कुठून कळलं म्हणून?

माझ्या बायकोला शिटी पंपाचा भाग वाटते. खंडेनवमीला ती माझ्या पान्यांबरोबर शिटीही चिंचेनं घासून पाटावर मांडते, हळदकुंकू वाहते, झेंडू ठेवते. एका दसऱ्याला तू आपट्याची पानं घेऊन आलास आणि पाट अजून उचललेला नव्हता. झेंडूखाली शिटी आडवी पडली होती. तू वाकलास. विचारलंस, "हे काय, वैनी?" ती म्हणाली, यांच्या कंपनीतलं काहीतरी. तू शिटीवर हात ठेवलास. म्हणालास, "जड हाय." मग सगळ्या हत्यारांवर ठेवलंस तसं एक पान तिच्यावरही ठेवलंस आणि मला मिठी मारलीस. जेवताना तू नेहमीपेक्षा जास्त बोललास.

तुला कळलं होतं का? हा एक प्रश्न मी तुला विचारू शकलो असतो तर बाकीचं आपोआप बोललं गेलं असतं.

कारण गेल्या महिन्यात पालघरच्या दवाखान्यात, छातीला तारा लावलेल्या असताना, तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, दुकानाचं काही सांगशील. तू म्हणालास, "पुस्तिका छाप. शिटीचं पान कोरं ठेव." मी बरं म्हणालो. मग डोळे मिटून म्हणालास, "ज्यानं नेली त्याला मी चोर नाय म्हणत. त्यानं वाजवली असंल. मना नुसतं इचारायचं हाय, शेवट कसा वाजतो."

मी तुझा हात धरला होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नर्स यायला अवकाश होता. तू इतकं सोपं करून ठेवलं होतंस, आणि मी म्हणालो, "जास्त बोलू नकोस, आराम कर." दोन दिवसांनी तू गेलास.

दहाव्याला पामला आलो तर नाक्यावर तुझा मोठा फ्लेक्स. हसरा फोटो, खाली ठसठशीत अक्षरांत "दामूशेठ शिटीवाले यांना भावपूर्ण श्रद्धांजली". फ्लेक्सवाल्या पोराला ते आडनाव वाटलं. गावातल्या नव्या पोरांनाही तेच वाटतं. शिवी कधी होती ते त्यांना माहीतच नाही, ती पोरं फ्लेक्ससमोर खऱ्याखुऱ्या दुःखानं हात जोडून उभी होती. तू असतास तर खूष झाला असतास. मला ते बरं वाटलं आणि सहनही झालं नाही.

तुझी आई माझ्या दंडाला धरून तिथवर चालत आली. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "काय लिवलंय रं माझ्या पोराचं?" मी म्हणालो, दामोदर नथू. ती म्हणाली, "मोठ्यान बोल, आयकू येत नाय." मी पुन्हा म्हणालो, दामोदर नथू. तिनं बोटानं अक्षरं चाचपली आणि म्हणाली, एवढंच? एवढं लांब लिवलंय आणि एवढंच?

एवढंच, असं मी म्हणालो. तुझ्या फोटोसमोर.

म्हणून हे लिहिलं. तुझ्या पुस्तिकेतलं कोरं पान हे आहे. मंडळींना अजून दिलेलं नाही, कारण छापून आलेलं दुसऱ्या कुणी वाचून दाखवण्याआधी तुझ्या आईला ते माझ्याकडून कळायला हवं. शिटी टॉवेलातून काढली आहे, साफ केली आहे. चेप तसाच ठेवला आहे. बायोच्या डोक्यावरचा तो बोल्ट मी मारला, मीच काढीन. वाफ मिळणार नाही, पण कॉम्प्रेसरच्या हवेवर ती वाजेल. हवा किती लागेल ते मी पाहून ठेवलं आहे. साखळी तुझ्या आईच्या हातात द्यायची. शेवट कसा करायचा ते तिला शिकवावं लागणार नाही.

पण त्याआधी तिच्या अंगणात जाऊन मला एक वाक्य बोलायचं आहे. जे बागेत नथूदादांसमोर तोंडात तयार होतं तेच. ते हळू बोलून भागणार नाही. तिला ऐकू येत नाही, म्हणून शेजारपाजारी ऐकतील इतक्या मोठ्यानं म्हणावं लागेल: शिटी नथूदादांनी नाही, मी नेली.

तेवढं माझ्याकडून राहिलंय.